एकाच केसपेपरवर दोन डॉक्टरांचं अक्षर

या दवाखान्याला पाचपैकी चार तारे. एक तारा प्लायवूडमुळे गेला, त्याचं पुढे येईलच.

मी २६ वर्षं एमआर होतो, म्हणजे डॉक्टरांना गोळ्यांची माहिती देत फिरणारा औषध कंपनीचा माणूस. ठाणे, कळवा, ऐरोली हा माझा एरिया. पाठीवर बॅग, हातात व्हिज्युअल एड, आणि डॉक्टरांचे पेशंट संपायची वाट बघत दाराशी उभं राहायचं, यातच अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे दवाखान्याला मार्क देताना मी सोफा, एसी, रिसेप्शनवरची गोड मुलगी असलं काही बघत नाही. मी केसपेपर बघतो. डॉक्टर त्यावर काय लिहितो, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळी आधीचं लिहिलेलं वाचतो का.

हा दवाखाना कोलबाडात आहे, खोपटच्या एसटी डेपोपासून चालत सात-आठ मिनिटं. खाली पिठाची गिरणी, वर पहिल्या मजल्यावर दवाखाना. नाव लिहीत नाही. परवानगी विचारायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "अहो एमआर साहेब, आम्हाला जाहिरातीची बंदी आहे हे तुम्हाला माहीत नाही का? पेशंटकडून करवून घेतलेली तर जास्तच वाईट दिसते." माहीत आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत तसं लिहिलंय. तर नाव नाही. गिरणी सांगितली आहे, शोधणारा शोधेल.

बोर्डावर फक्त फॅमिली डॉक्टरांचं नाव. पण मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ आतल्या खोलीत एक मानसोपचारतज्ज्ञ बसतात. त्यांचा वेगळा बोर्ड नाही, वेगळी रांग नाही, वेगळा केसपेपरही नाही. तापाचा पेशंट, शुगरचा पेशंट आणि झोप उडालेला पेशंट एकाच बाकड्यावर. आणि तिसरी एक ताई आहे, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यात एमए केल्यासारखं, झालेली, रोज अकरा ते सात. खरा दवाखाना ती चालवते असं माझं मत आहे.

वेगळा बोर्ड नाही हे बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. ठाण्यात राहणाऱ्याला वाटणार नाही. आमच्या गावाच्या नावाला १९०१ पासून ते मनोरुग्णालय चिकटलेलं आहे. दादर-परळचा माणूस कुणाची थट्टा करताना आजही म्हणतो, "याला ठाण्याला भरती करा." आईला मी पहिल्यांदा 'मनाच्या डॉक्टरकडे जाऊया' म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "मला ठाण्याला पाठवतोस होय रे?" म्हटलं, "आई, आपण ठाण्यातच आहोत. चाळीस वर्षं झाली." तिला हसू आलं नाही. मलाही नंतर आलं नाही.

बाबा गेल्यानंतर तिचं सुरू झालं. पाय जळतात. छातीत धडधडतं. पोटात गॅस फिरतो. पहाटे तीनला टक्क जाग. मी ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांकडे फिरवलं, आणि माझ्या ओळखी कमी नाहीत. ईसीजी झाला, टूडी एको झाला, एण्डोस्कोपी झाली. प्रत्येकाने सांगितलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही. आईला त्या 'काही नाही'चा फार राग यायचा. रिक्षात बसल्यावर म्हणायची, "म्हणजे मी नाटक करते?"

शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांनी नऊ मिनिटांत निदान केलं, डिप्रेशन, आणि एस्सिटालोप्राम सुरू केली. निदान बरोबर. गोळीही चांगली, जगभर दिली जाते. पण आईची बीपीची गोळी दुसऱ्या डॉक्टरांची होती, टेल्मिसार्टन आणि तिच्यातच हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. एस्सिटालोप्राम आणि हे लघवीचं औषध म्हाताऱ्या, किरकोळ अंगाच्या बाईच्या पोटात एकत्र गेली की रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं, आणि येतं ते बहुतेक पहिल्या काही आठवड्यांत. बाराव्या दिवशी सकाळी आईने मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. मामाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. चहाचा कप तिने देवघरात नेऊन ठेवला. सोडियम निघालं ११८. असायला हवं १३५ ते १४५. तीन दिवस आयसीयू.

दोन्ही गोळ्या बरोबर होत्या. त्यांची गाठ पोटात पडली, लिहिणाऱ्यांची कधीच पडली नाही. मी दोघांनाही भेटलो. त्यांनी एकमेकांकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, कारण एकाला दुसऱ्याचं नाव माहीत नव्हतं. आणि आता लिहायला घेतलंच आहे तर हेही लिहितो: अशाच गोळीचं डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांपुढे तिची माहिती सांगायचं काम, मी सहा वर्षं केलंय. सोडियमचं वाक्य पत्रकात असतं. मागच्या पानावर, बारीक टायपात. मला पाठ होतं. घरात कामाला आलं नाही.

तर असे होरपळून आम्ही कोलबाडच्या जिन्यावर पोचलो. बुधवार होता.

डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं होतं, चिठ्ठ्या नकोत, गोळ्यांची पिशवी आणा. घरातली सगळी. आईने डॉक्टरांसमोर ती टेबलावर उपडी केली. त्यात एक पट्टी निघाली जिच्याबद्दल मला पत्ता नव्हता. क्लोनाझेपाम, अर्धी गोळी, झोपेसाठी. बाबांच्या आजारपणात कुणीतरी लिहून दिली होती, आणि नंतर चार वर्षं केमिस्ट तशीच देत होता.  हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, असा नियम आहे. पाळत असतील. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काकू, ही एकदम बंद नाही करायची हं. हिला हळूहळू निरोप द्यायचा."

मग रक्त. सोडियम, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह. थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच खचल्यासारखा दिसतो, त्यामुळे मनाचं ठरवण्याआधी ते बघायचंच, असं ते म्हणाले. थायरॉइड ठीक निघालं. बी-ट्वेल्व्ह मात्र १४८, दोनशेच्याही खाली. जन्माची शाकाहारी, माळकरी बाई, त्यात बाबा गेल्यापासून दूधही सोडलेलं. पाय जळत होते ते त्याने. आईला इतका आनंद झालेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. घरी येऊन हिला सांगितलं, "बघ गं, पाय जळतात ते खरं होतं. कागदावर आलंय." तिला इंजेक्शनं सुरू झाली, आणि पुढे मनाच्या औषधाला तिने जी मान तुकवली ती या कागदामुळे, असं मला वाटतं. एक तक्रार खरी मानली गेली की माणूस दुसरीबद्दल बोलायला तयार होतो. आधीच्या चार डॉक्टरांना हे का सुचलं नाही? कारण बी-ट्वेल्व्ह बघणारा मनाचं विचारत नव्हता आणि मनाचं विचारणारा पाय बघत नव्हता.

आता ताई. तिच्याकडे एक कागद असतो, पीएचक्यू-९ नावाचा, मराठीत. नऊ प्रश्न. मागच्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही असं किती दिवस झालं, झोप, भूक, थकवा, स्वतःबद्दल वाईट वाटणं वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण २७. इथे जास्त मार्क म्हणजे जास्त त्रास. दहाच्या वर गेलं की लक्ष घालायचं, पंधराच्या वर गेलं की नीटच घालायचं. आईला आले १७.

तिने मला बाहेर बसायला सांगितलं. आई म्हणाली, "राहू दे त्याला." ताई म्हणाली, "आजी, ते आहेतच बाहेर. आपण दोघी जरा बोलू." मी बाहेर आलो. ताईची खोली आणि बाकडं यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, छतापर्यंत न गेलेलं. खालून गिरणीची घरघर असते, म्हणून कुणाला वाटत असेल ऐकू येत नाही. पण गिरणी अधूनमधून थांबते.

गिरणी थांबली तेव्हा ताई नवव्या प्रश्नाला आली होती. "आजी, मरून जावं असं मनात येतं का?"

"अगं, या वयात आणखी काय येणार? रोज पांडुरंगाला विचारते, बाबा रे, कधी नेतोस."

हे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी दिवा लावताना होतं. आम्ही कुणी मान वर करून बघत नाही. ताईने हसण्यावारी नेलं नाही. म्हणाली, "तो नेईल तेव्हा नेईल. तुम्ही स्वतःहून जायचं मनात आणता का, ते विचारतेय मी."

बराच वेळ काही नाही. मग आई म्हणाली, "एकदा आलं होतं. दिवाळीच्या आधी. पण फराळाचं सगळं राहिलं होतं, म्हणून उठले."

त्या दिवाळीला चकल्या फार चांगल्या झाल्या होत्या. मी दोनदा मागून खाल्ल्या होत्या.

पुढचं मला ऐकायचं नव्हतं म्हणून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी आत बोलावलं. तेवढ्यात ताई डॉक्टरांकडे जाऊन आली होती, डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला होता, तेही लगेच बोलले होते. ताईने आधी मला सांगितलं, "आजींना विचारूनच तुम्हाला सांगतेय." मग बेताचंच सांगितलं: गोळ्यांचा डबा तुमच्याकडे ठेवा, एका वेळी आठवड्याचीच औषधं मिळतील, काही दिवस रात्री त्यांच्या खोलीत कुणीतरी झोपा, मी उद्या फोन करीन, शुक्रवारी पहिला नंबर तुमचा. आणि दवाखाना आठला बंद होतो, रात्री-अपरात्री लागलं तर हा नंबर, असं म्हणून १४४१६ लिहून दिला. टेलिमानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आम्हाला लागला नाही. फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे.

मी काही ऐकलं नसल्यासारखा चेहरा केला. २६ वर्षं विक्रीत काढली, तेवढं जमतं.

शुक्रवारी मानसोपचारतज्ज्ञ. तरुण आहेत, पस्तिशीचे असतील, भराभर बोलतात आणि निम्मं इंग्रजीत. आईला अर्धं कळलं. पण ते बोलण्याआधी त्यांनी केसपेपर वाचला, पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. मी टेबलापलीकडून उलटा वाचत होतो, ही कला एमआरला येतेच. वर फॅमिली डॉक्टरांचं मोठं गोल निळं अक्षर: थायझाइड बंद केलं, मागच्या वेळी सोडियम ११८. त्याच्याखाली या डॉक्टरांनी बारीक काळ्या अक्षरात लिहिलं: 'नोटेड'. पुढे मिर्टाझेपिन, डिप्रेशनचीच दुसरी गोळी, साडेसात मिलिग्रॅम, रात्री. सातव्या आणि चौदाव्या दिवशी सोडियम. या गोळीत सोडियम पडायचा धोका कमी असतो, झोप लागते, भूकही लागते. आईला तिन्ही हवं होतं. पंधरा दिवसांनी त्या ओळीपुढे पुन्हा निळ्या अक्षरात दोन आकडे आले, १३६ आणि १३८.

'नोटेड'. एका स्पेशालिस्टने फॅमिली डॉक्टरचं वाचलं आणि वाचलं म्हणून लिहिलं. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत किती हजार प्रिस्क्रिप्शनं पाहिली असतील. रेफर करणाऱ्याची चिठ्ठी कन्सल्टंट उघडतो, खाली ठेवतो आणि नव्या कोऱ्या पॅडवर पहिल्यापासून लिहायला घेतो. जुनी औषधं चालू ठेवायची की नाही, हे पेशंटने स्वतःच्या अकलेने ठरवायचं.

मंगळवार-शुक्रवार सगळ्यांना दिसतं. शनिवार दिसत नाही. दुपारी दीड वाजता शटर अर्धं खाली येतं आणि वर तिघं बसतात. मध्ये ताईचं रजिस्टर, उभ्या रेघा मारलेलं: नाव, पहिले मार्क, आजचे मार्क, शेवटचा फोन कधी, पुढे काय. ज्यांचे मार्क काही आठवड्यांनंतरही निम्म्यावर आलेले नाहीत त्यांच्या नावापुढे लाल खूण, आणि चर्चा त्यांच्यापासून सुरू. बरे होत असलेल्यांवर वेळ घालवायचा नाही. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना मानसोपचारतज्ज्ञांनी कधी पाहिलेलंच नसतं. ते सुचवतात, लिहून देतात फॅमिली डॉक्टर. अवघड असेल तोच पेशंट मंगळवारी आत जातो. आईलाही दहाव्या आठवड्यात लाल खूण लागली होती, मार्क १२ वर अडकले होते. शनिवारी ठरलं, सोमवारी ताईचा फोन आला, गोळी साडेसातची पंधरा झाली. आम्हाला जिना चढावा लागला नाही. आधीच्या हॉस्पिटलात औषधाने फरक पडत नसता तर ते कुणाला कळलं असतं? आम्ही जाऊन सांगितलं असतं तर. आणि असा आजार असलेला माणूस सांगायला जात नाही, तो जायचं सोडून देतो. हाच तर आजार.

मी डॉक्टरांना विचारलं, हे डोक्यातून काढलं की कुठून उचललं? म्हणाले, "चक्क उचललं. सिएटलहून." तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी ही पद्धत बसवली. २००२ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला: साठीच्या पुढचे १८०१ पेशंट, अर्ध्यांना अशी जोडीने सेवा, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. वर्षभरानंतर, ज्यांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला असे पहिल्या गटात ४५ टक्के, दुसऱ्यात १९. मी घरी येऊन शोधून वाचलं. जुनी सवय, डॉक्टर आकडा म्हणाले की मूळ पेपर बघायचा.

गोव्यातलाही एक पेपर सापडला, २०१० चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला. तिथे सरकारी आरोग्य केंद्रांत आणि खाजगी दवाखान्यांत गावातल्याच साध्या बायांना शिकवून समुपदेशक केलं होतं. सरकारी केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला. खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. हे वाचून मी डॉक्टरांना डिवचलं, "म्हणजे तुमच्यासारख्यांकडे चालत नाही म्हणायचं." ते चिडले नाहीत. म्हणाले, "खाजगीत पेशंट आधीच ओळखीचा असतो, थोडंफार काम तेवढ्यानेच होतं. पण मला रजिस्टर हवं होतं. रजिस्टर नसताना मी समजत होतो माझे सगळे पेशंट बरे होतायत. परत न येणारा बराच झाला असणार, असा आमचा हिशेब." हे मला फार प्रामाणिक वाटलं. सगळ्याच फॅमिली डॉक्टरांचा हाच हिशेब असतो, बोलून कुणी दाखवत नाही.

आणि दुसरं, मानसोपचारतज्ज्ञ आहेत किती? निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा दर शंभर प्रौढांत दहाहून अधिक लोकांना, नेमकं सांगायचं तर १०.६ टक्क्यांना, त्या घडीला काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजार कुठला त्यानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना. लाखामागे एकसुद्धा तज्ज्ञ पुरा येत नाही. म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाला समोर बसवून बघायचं म्हटलं तर नंबरच लागणार नाही. शनिवारच्या दोन तासांत रजिस्टरातली चाळीसेक नावं होतात.

आता मुद्द्याचा मुद्दा, जो मराठी माणूस मनात विचारतो आणि तोंडाने विचारत नाही. कट किती? फॅमिली डॉक्टरने स्पेशालिस्टकडे पाठवायचं आणि स्पेशालिस्टने महिन्याला पाकीट पाठवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. मी सरळ विचारलं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, "खोलीचं भाडं देतो, पावती घेतो. कट नाही." माझा विश्वास बसला, कारण एक साधी गोष्ट: कट असता तर सगळे पेशंट आत पाठवले असते. इथे ते अडवले जातात. माझ्या शेजाऱ्याला हट्टाने आत जायचं होतं, ताईने सांगितलं, "तुमचे मार्क सात आहेत, आधी माझ्याशी तीनदा बोला." तो रुसून आला. तीन आठवड्यांनी रुसवा गेला.

पैसे: फॅमिली डॉक्टर दोनशे. मानसोपचारतज्ज्ञ सहाशे, बाहेर याच्या दुप्पट-तिप्पट मोजलेत. ताईचे तीन महिन्यांचे मिळून पाचशे, फोनसकट. एवढ्यात ताईचा पगार निघत नाही हे सांगायला अकाउंटंट लागत नाही, तो डॉक्टर स्वतःच्या खिशातून भरतात. अमेरिकेत अशा फोनचे, रजिस्टरचे, शनिवारच्या बैठकीचे पैसे मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, २०१७ पासून देते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांना सांगितलंय की शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्या. पण माझी पॉलिसी ओपीडीलाच पैसे देत नाही, तर फोनला कुठून देणार. उद्या ताईला दुसरीकडे चांगली नोकरी लागली तर? हा प्रश्न मी विचारलेला नाही. उत्तर ऐकायची तयारी नाही.

ताईचे फोन ऐकण्यासारखे असतात. गुरुवारी अकराला. आईला तिने काम दिलं होतं: रोज सकाळी कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचं आणि येताना जांभळी नाक्यावरून एक भाजी स्वतः निवडून, भाव करून आणायची. भाव करायचाच, ही अट. पहिले दोन आठवडे आई फोनवर बिनदिक्कत खोटं बोलली. "हो हो, जाऊन आले, मेथी आणली." ताई म्हणाली, "जुडी कितीला दिली?" आई गडबडली, "वीस." ताई म्हणाली, "आजी, मी कालच तीसला घेतली. मला पण त्या बाईकडे न्या." दुसऱ्या दिवशी आई खरंच गेली, बहुतेक खोटं पकडलं गेल्याच्या लाजेने. तिसऱ्या आठवड्यात परत आली ती कोथिंबीर घेऊन आणि भाजीवालीच्या सुनेची तक्रार घेऊन. दुसऱ्याच्या सुनेबद्दल बोलायला लागली तेव्हा आमची ही म्हणाली, "झाल्या बऱ्या."

मार्कांच्या हिशेबात बरं व्हायला चार महिने लागले. १७, १२, ९, ६. क्लोनाझेपाम पाव-पाव करत सुटली, शेवटच्या पावाला तिने फार त्रास दिला, दोन रात्री घरात कुणी झोपलं नाही. आता सुटली.

कुरबुरी राहिल्या. जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला. गुडघेवाल्यांनी आधी फोन करावा, डॉक्टर खाली गिरणीत येऊन बघतात, पिठाने पांढरे होऊन वर जातात. एका शुक्रवारी मानसोपचारतज्ज्ञ आलेच नाहीत आणि ते आम्हाला सव्वासातला कळलं. बिल साध्या कागदावर देतात, छापील मागून घ्यावं लागतं. नंबर पुकारणारा मुलगा पहिले काही महिने "मनाच्या डॉक्टरांना कोण?" असं ओरडायचा. एका बाईंनी त्याला बाजूला घेऊन काय सुनावलं कोण जाणे, तेव्हापासून फक्त नंबर पुकारतो.

आणि प्लायवूड. मी सहा महिने कुणाला काही बोललो नाही, कारण बोलायचं तर मी काय ऐकलं ते सांगावं लागलं असतं. मग एका मंगळवारी पार्टिशनपलीकडून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा आवाज आला. पंधरा वर्षं आम्ही एकाच एरियात, मंथ-एण्डला एकाच स्टॉकिस्टकडे रडायचो. गिरणी बंद होती. मी उठून जिन्यात गेलो, तो खाली उतरेपर्यंत एसटी डेपोच्या दिशेला तोंड करून उभा राहिलो, आणि मग वर जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, चकल्यांसकट. ते काही बोलले नाहीत. पेन बंद केलं, उघडलं.

पुढच्या आठवड्यात गेलो तर पार्टिशनच्या वर एक रेडिओ ठेवलेला, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावलेली, बाकड्यावर बोललेलंही नीट ऐकू येणार नाही इतक्या मोठ्याने. छतापर्यंत पार्टिशन न्यायला सुताराला सांगितलंय म्हणे, तो गणपतीनंतर येणार आहे. तो येईपर्यंत तारा माझ्याकडेच राहील. आईला मात्र रेडिओ आवडलाय. आता तिला दोन महिन्यांतून एकदाच जायचं असतं, पण सहाचा नंबर असला तर पाचलाच पदर खोचून तयार असते. भजनं साडेपाचला लागतात, असं तिचं म्हणणं.